बाटली संपली म्हणजे औषध संपले काय? मुलांच्या कानदुखीमागील जिवाणू आणि प्रतिजैविके

पावसाळ्यातील रात्र. दोन दिवस नाक वाहत असलेले दीड वर्षाचे मूल मध्यरात्री किंचाळत उठते. मांडीवर घेतले तरी शांत होत नाही, आडवे ठेवले की अधिकच रडते आणि हात पुन्हा पुन्हा एका कानाकडे नेते. आजी खोबरेल कोमट करायला घेते, वडील कपाटात मागच्या आजारपणातील उरलेले औषध शोधू लागतात, तर आई तापासाठी पूर्वी डॉक्टरांनीच लिहून दिलेले पॅरासिटामॉल पाजून सकाळ होण्याची वाट पाहते. सकाळी मूल काहीसे निवलेले असते आणि कधी कधी उशीवर पिवळसर डाग दिसतो. ‘कान फुटला’ असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. या तिघांपैकी आईचे वागणे वैद्यकशास्त्राला सर्वाधिक मान्य होणारे आहे. आजीचे तेल आणि वडिलांची बाटली या दोन्ही गोष्टी सद्भावनेने केलेल्या असल्या, तरी त्यांतूनच पुढील अडचणी उद्भवतात.

मध्यकर्णाचा तीव्र संसर्ग हा बालवयातील अतिशय सामान्य विकार आहे. अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील मुलांची पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. तीन वर्षांचे होईपर्यंत दर पाचांपैकी चारांहून अधिक मुलांना तो निदान एकदा झाल्याचे तीत आढळले होते. मोठ्या माणसांना मात्र तो क्वचितच होतो. या फरकाचे मूळ शरीररचनेत आहे. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक चिमुकली पोकळी असते. तिलाच मध्यकर्ण म्हणतात. तेथून एक अरुंद नलिका नाकाच्या मागील बाजूस, घशाच्या वरच्या भागात उघडते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनातज्ज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी यांच्या नावावरून ती युस्टेशियन नलिका म्हणून ओळखली जाते. घास किंवा आवंढा गिळताना ती क्षणभर उघडते आणि मध्यकर्णातील हवेचा दाब बाहेरच्या दाबाशी जुळवून घेते. चोर्ला घाट चढताना कानात दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते याच नलिकेमुळे.

प्रौढ माणसात ही नलिका सुमारे ४५ अंशांच्या उतारावर असते. तान्ह्या मुलात मात्र ती निम्म्या लांबीची आणि जवळजवळ आडवी, जेमतेम १० अंशांच्या उतारावर असते. साहजिकच मध्यकर्णातील स्राव खाली उतरून जाण्याऐवजी तेथेच साचतो आणि नाकातील स्राव सहज वर चढतो. सर्दीच्या विषाणूंमुळे नाकाचे व नलिकेचे अस्तर सुजले की नलिकेचे तोंड बंद होते, आतील हवा शोषली जाते, पोकळीत ओढ निर्माण होते आणि नाकामागे मुक्कामाला असलेले जिवाणू आत खेचले जातात. आतील कोंदट, उबदार द्रवात त्यांची वाढ होते, पू साचतो, पडदा लाल होऊन बाहेरच्या बाजूस फुगतो. आडवे झाल्यावर दाब वाढतो, म्हणून दुखणे रात्रीच जोर धरते. पडदा फाटून पू बाहेर आला की दाब उतरतो आणि मूल अचानक शांत झोपते. ती झोप म्हणजे आजार गेल्याची खूण नव्हे. असे छिद्र बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप भरून येते. नेहमीच येते असे मात्र नाही.

तीन मुख्य आरोपी

मध्यकर्णातील पुवाची तपासणी केल्यास प्रामुख्याने तीन जिवाणू सापडतात. पहिला स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिई, म्हणजेच न्यूमोकॉकस. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर यांनाही तोच कारणीभूत ठरतो. कानात शिरला की ताप आणि वेदना बहुधा तीव्र असतात, आणि उपचारावाचून आपण होऊन निघून जाण्याची शक्यता तिघांत त्याचीच सर्वांत कमी.

दुसरा हिमोफिलस इन्फ्लुएन्झी. याचे नावच एका चुकीचे स्मारक आहे. १८९२ साली जर्मन जिवाणुशास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी इन्फ्लुएन्झाचे कारण म्हणून त्याच्याकडे बोट दाखविले. इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होतो हे पुढे १९३३ साली सिद्ध झाले, पण नाव तसेच राहिले. कानदुखीसोबत मुलाचे डोळेही चिकटत असतील, तर डॉक्टरांना प्रथम याच जिवाणूचा संशय येतो. येथे पालकांचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सरकारी लसीकरणात दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या वयात दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीत हिमोफिलसविरुद्धचा घटक असतो. परंतु ते संरक्षण त्याच्या ‘बी’ प्रकारापुरते आहे, ज्याच्यामुळे मेंदूज्वरासारखे जीवघेणे आजार होतात. कानाला उपद्रव देणारा हिमोफिलस बहुतांशी बाह्य कवच नसलेला असतो आणि या लसीचा रोख कवचावरच आहे. तेव्हा ‘लस घेतली होती, तरी कान का दुखला’ या प्रश्नात लसीचा दोष काढण्यासारखे काही नाही.

तिसरा मोराक्सेला कॅटर्‍हालिस. हा तुलनेने सौम्य. त्याच्यामुळे झालेला संसर्ग बहुसंख्य मुलांत शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनेच बरा होतो.

बाहेरून पाहून या तिघांपैकी नेमका कोणता जिवाणू आत आहे, हे निश्चित सांगता येत नाही. पडद्यातून सुई घालून द्रव काढला तरच ते कळते आणि असा प्रयोग साध्या संसर्गासाठी कोणी करीत नाही. म्हणजेच डॉक्टर जे प्रतिजैविक लिहितात, ते शक्यतांचा हिशेब करून लिहितात.

या हिशेबात अमॉक्सिसिलिन आजही अग्रस्थानी आहे. ते पेनिसिलिनच्याच कुळातील. जिवाणूच्या बाह्यभिंतीची बांधणी करणाऱ्या प्रथिनांना ते जाऊन चिकटते, बांधणी थांबते आणि जिवाणू फुटून मरतो. याविरुद्ध जिवाणूंनी दोन निरनिराळ्या युक्त्या शोधल्या आहेत, आणि औषधाच्या निवडीमागील सारे तर्कशास्त्र या दोन युक्त्यांत सामावलेले आहे. न्यूमोकॉकसने कुलूप बदलले. त्याच्या प्रथिनांची घडण अशी बदलली की औषध पूर्वीसारखे घट्ट बसत नाही. मात्र औषधाचे प्रमाण वाढविले, तर हे बदललेले कुलूपही बहुधा उघडते. म्हणूनच अनेक मार्गदर्शक तत्त्वांत अमॉक्सिसिलिनची मात्रा पूर्वीच्या दुप्पट, म्हणजे मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ८० ते ९० मिलिग्रॅम इतकी सुचविली आहे. हिमोफिलसच्या अनेक वाणांनी आणि मोराक्सेलाच्या जवळजवळ सर्वच वाणांनी वेगळा मार्ग धरला. ते बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर सोडतात, जे किल्लीच मोडून टाकते. तेथे नुसती मात्रा वाढवून फारसे साधत नाही. अशा वेळी अमॉक्सिसिलिनच्या जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल दिले जाते. ते स्वतः जिवाणूला फारसे मारत नाही, पण विकराला आपल्यात गुंतवून ठेवते आणि तेवढ्यात अमॉक्सिसिलिन आपले काम उरकते. मुलाने मागील महिनाभरात अमॉक्सिसिलिन घेतले असेल, कानासोबत डोळेही आले असतील, किंवा साध्या अमॉक्सिसिलिनने दोन-तीन दिवसांत उतार पडला नसेल, तर डॉक्टर हे जोड-औषध निवडतात. त्याने जुलाब होण्याचे प्रमाण अधिक असते, हा त्याचा उणेपणा.

तीन दिवसांचा सोपा कोर्स म्हणून लोकप्रिय झालेले अ‍ॅझिथ्रोमायसिन कानदुखीसाठी पहिल्या पसंतीचे औषध नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. न्यूमोकॉकसचे अनेक वाण त्याला दाद देत नाहीत आणि हिमोफिलसवरही त्याचा प्रभाव भरवशाचा नाही. पेनिसिलिनची खरी, गंभीर अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी त्याचा विचार होतो. सोपे आहे एवढ्याच कारणास्तव ते मागून घेणे योग्य नव्हे. औषध पोटात टिकतच नसेल, तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे इंजेक्शन हा पर्याय डॉक्टरांजवळ असतो.

कोणाला द्यावे, कोणासाठी थांबावे

मात्र प्रत्येक कानदुखीला प्रतिजैविक लागतेच असे नाही. कित्येक पालकांना हे ऐकून डॉक्टर टाळाटाळ करीत आहेत असे वाटते. नेदरलँड्समधील सर्वसाधारण चिकित्सकांनी तर १९९० सालीच ‘आधी वेदनाशामक, मग निरीक्षण’ हे धोरण स्वीकारले. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय जाळ्याने २०१५ मध्ये श्रीमंत देशांतील १३ चाचण्यांचा, सुमारे ३,४०० मुलांच्या माहितीचा एकत्रित आढावा घेतला. औषध दिले काय किंवा न दिले काय, २४ तासांत सुमारे ६० टक्के मुलांची वेदना थांबली होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एका जादा मुलाला वेदनामुक्त करण्यासाठी २० मुलांना प्रतिजैविक द्यावे लागले. उलटपक्षी, औषध दिलेल्या दर १४ मुलांमागे एकाला त्यामुळे जुलाब, उलटी किंवा पुरळ असा त्रास झाला. या आकड्यांवरून प्रतिजैविक निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पडदा फाटण्याचे प्रमाण त्याने घटले, आणि दोन वर्षांखालील ज्या मुलांचे दोन्ही कान बाधित होते किंवा ज्यांच्या कानातून पू येत होता, त्यांना सर्वाधिक लाभ झाला. शिवाय या चाचण्यांतील मुलांवर देखरेख होती. जेथे पुन्हा तपासणीची खात्री नाही, तेथे थांबण्याचा सल्ला देताना डॉक्टर कचरतात, ते यामुळेच.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या, सहा महिन्यांपुढील मुलांसाठीच्या २०१३ च्या सूचनांचा ढोबळ आशय असा : १०२ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, तीव्र वेदना, दोन दिवसांहून अधिक टिकलेले दुखणे, कानातून पू, किंवा दोन वर्षांखालील मुलाच्या दोन्ही कानांत संसर्ग, यांपैकी काहीही असल्यास प्रतिजैविक द्यावे. दोन वर्षांवरील, सौम्य त्रास असलेल्या मुलासाठी पालकांशी बोलून ४८ ते ७२ तास थांबता येते. मात्र त्या मुदतीत सुधारणा झाली नाही किंवा प्रकृती बिघडली, तर उपचार सुरू करायचेच. थांबणे म्हणजे वेदना सहन करायला लावणे नव्हे. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन डॉक्टरांनी वजनानुसार ठरविलेल्या मात्रेत पहिल्या तासापासून द्यावयाचे असते. लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये, आणि निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून मनाई आहे.

प्रतिजैविक सुरू केल्यावर ते किती दिवस द्यावे? येथे पिट्सबर्ग येथील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास फार बोलका आहे. सहा ते तेवीस महिन्यांच्या ५२० मुलांपैकी निम्म्यांना दहा दिवस, तर निम्म्यांना पाच दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट देण्यात आले. पाच दिवसांच्या गटात उपचार अयशस्वी होण्याचे प्रमाण ३४ टक्के, तर दहा दिवसांच्या गटात १६ टक्के आढळले. कमी दिवस औषध दिल्याने प्रतिकारक्षम जिवाणू कमी होतील, ही आशाही फलद्रूप झाली नाही. म्हणून दोन वर्षांखालील मुलांना सर्वसाधारणपणे दहा दिवस, आणि मोठ्या मुलांना सौम्य आजारात पाच ते सात दिवस असा प्रघात आहे.

घरोघरी गाडे अडते ते नेमके याच ठिकाणी. मुलांचे हे औषध कोरड्या पावडरीच्या रूपात, बहुधा ३० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत मिळते. पाच मिलिलिटरमध्ये ४०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन असलेली बाटली घेतली आणि दहा किलो वजनाच्या मुलाला किलोमागे ८० मिलिग्रॅम या हिशेबाने औषध द्यायचे ठरले, तर दिवसाला ८०० मिलिग्रॅम, म्हणजे दहा मिलिलिटर लागते. बाटली तीन दिवसांत संपते. पाच मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम असलेली सौम्य बाटली असेल, तर ती जेमतेम दीड दिवसच पुरते. तिसऱ्या दिवसापर्यंत ताप उतरलेला असतो, मूल खेळू लागलेले असते, बाटलीही रिकामी झालेली असते. कोर्स पूर्ण झाला, असा समज होण्यासारखीच ही स्थिती आहे. वस्तुतः दहा दिवसांना पहिल्या प्रकारच्या चार बाटल्या लागल्या असत्या. हा हिशेब घरी मात्रा ठरविण्यासाठी नाही. प्रत्यक्ष मात्रा आणि बाटलीचा प्रकार डॉक्टरच ठरवितात. पण ‘किती दिवस आणि त्यासाठी किती बाटल्या’ हा प्रश्न फार्मसीच्या काउंटरवरून निघण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे. अर्धवट उपचारांत दुर्बळ जिवाणू मरतात, चिवट मागे राहतात आणि आठवड्याभरात कान पुन्हा दुखू लागतो. मग ‘मागच्या औषधाने गुण आला नाही’ म्हणून अधिक भारी औषध मागितले जाते.

पावडरीत उकळून गार केलेले पाणी बाटलीवरील खुणेपर्यंत घालायचे, प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवायची आणि ती शीतकपाटात ठेवायची, एवढे पथ्य पुरेसे आहे. तयार केलेले औषध साधारण आठवडाभरच टिकते, म्हणून सर्व बाटल्यांत एकाच दिवशी पाणी घालू नये. मागच्या आजारपणातील बाटली पुन्हा वापरणे तर सर्वथैव त्याज्य. मात्रा घरच्या चमच्याने न मोजता सोबतच्या मापाने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने मोजावी, कारण दोन घरांतील चमचे सारखे नसतात. औषधाच्या वेष्टनावरील उभी लाल रेघ ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये हे सांगते. केंद्र सरकारने या रेघेविषयी २०१६ मध्ये मोहीम काढली होती, तरीही तिचा अर्थ ठाऊक नसलेले ग्राहक आजही भेटतात.

कानात काय घालू नये

कोमट खोबरेल, लसूण घालून कढविलेले तेल, आईचे दूध हे उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. संसर्ग पडद्याच्या मागे असतो आणि शाबूत पडद्यातून यांतील काहीच आत पोहोचत नाही. पडदा फाटलेला असेल, तर मात्र पोहोचते, आणि तेच घातक. पडदा फाटला आहे की नाही हे घरात कोणालाही दिसत नाही, ते ऑटोस्कोपने पाहावे लागते. औषधांच्या दुकानातून मिळणाऱ्या थेंबांनाही हाच न्याय लागू आहे. जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब फाटलेल्या पडद्यातून आत गेल्यास अंतःकर्णातील श्रवणपेशींना इजा होण्याचा धोका असतो.

नदी-ओहोळात किंवा पोहण्याच्या तलावात डुंबल्यानंतर दुखणारा कान हा पुष्कळदा निराळा आजार असतो. त्यात बाह्यकर्णाची नळी सुजते, कानाची पाळी ओढली की कळ येते, आणि तेथे थेंबांचे औषधच उपयोगी पडते. दोन्ही आजारांना ‘कानदुखी’ हे एकच नाव असल्याने शेजारच्या मुलाला लागू पडलेले औषध आपल्या मुलाला चालेल, असा समज होतो.

कान दोन आठवड्यांहून अधिक काळ वाहत राहिला, तर ते प्रकरण जुनाट संसर्गाकडे झुकू लागते. तेथे जिवाणूही बदलतात. न्यूमोकॉकसची जागा स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस घेतात. त्यांच्यापुढे पोटात घ्यावयाचे अमॉक्सिसिलिन निष्प्रभ ठरते. कान काळजीपूर्वक कोरडा करून सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे थेंब घालणे हा तेथील मुख्य उपचार, आणि तो कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात वाहत्या कानाचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांच्या गटात भारताचा समावेश होता. ‘मुलांचे कान वाहतातच, मोठेपणी थांबतात’ हे वाक्य अजूनही कानावर पडते.

कानामागील हाड सुजून लाल होणे, कान पुढे ढकलल्यासारखा दिसणे, मान ताठरणे, तोंड एका बाजूस वाकडे होणे किंवा मूल विलक्षण गुंगीत असणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाप्रमाणेच म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांचा मार्ग खुला आहे. संसर्ग कानामागील मॅस्टॉइड हाडात आणि तेथून मेंदूच्या आवरणांपर्यंत पसरल्याची ती लक्षणे असू शकतात. प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात असे वारंवार घडे. डब्लिनचे विख्यात कर्णशल्यविशारद सर विल्यम वाइल्ड यांच्या नावाने कानामागील हाडावरचा छेद ओळखला जात असे. त्यांचेच पुत्र, साहित्यिक ऑस्कर वाइल्ड, १९०० साली पॅरिसमध्ये मेंदूज्वराने वारले आणि त्याचे मूळ कानाच्या जुन्या दुखण्यात होते असे मानले जाते.

आजार होऊच नये यासाठी पालकांच्या हाती काही गोष्टी निश्चितच आहेत. पहिले सहा महिने केवळ स्तनपान, बाळाला आडवे ठेवून बाटलीने दूध न पाजणे आणि घरात विडी-सिगारेटचा धूर नसणे, या तिन्ही गोष्टींनी धोका घटतो. न्यूमोकॉकसविरुद्धची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली असून ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत विनामूल्य मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२० मध्ये आपली स्वदेशी लसही बाजारात आणली. या लसीमुळे कानाचे सर्व संसर्ग थांबत नाहीत. तिच्यात समाविष्ट असलेल्या न्यूमोकॉकसच्या प्रकारांचे संसर्ग घटतात आणि हिमोफिलसचा वाटा त्या मानाने वाढतो, असा परदेशांतील अनुभव आहे. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर यांपासून मिळणारे संरक्षण हाच तिचा खरा लाभ.

संसर्ग बरा झाल्यावरही मध्यकर्णातील पाणी लगेच ओसरत नाही. महिन्याभरानंतर सुमारे ४० टक्के, तर तीन महिन्यांनंतर सुमारे १० टक्के मुलांच्या कानात ते आढळते. हे पाणी पुवाचे नसते, ते दुखत नाही आणि त्यासाठी पुन्हा प्रतिजैविक देण्याचे कारण नाही. परंतु त्या काळात मुलाला कमी ऐकू येते, कानात बोटे घालून ऐकावे तसे. हाक मारल्यावर मूल वळत नाही, दूरदर्शन संचाचा आवाज वाढविते, बालवाडीत लक्ष देत नाही. ‘अलीकडे अजिबात ऐकत नाही’ अशी तक्रार शिक्षक आणि आईवडील करतात, आणि मुलाला हट्टी ठरवून मोकळे होतात. बोलायला शिकण्याच्या वयात असे काही महिने गेले, तर शब्द उशिरा येतात, उच्चार अस्पष्ट राहतात. पाणी तीन महिन्यांहून अधिक काळ टिकल्यास श्रवणचाचणी करून घ्यावी. श्रवण लक्षणीय घटलेले आढळले, तर पडद्यात ग्रोमेट ही सूक्ष्म नळी बसवून मध्यकर्णात हवा खेळती केली जाते. ती बहुधा सहा महिने ते वर्षभरात आपोआप निघून पडते.